आधी पट्टी बघा, मग अडत्या

पत्र:

"मी धायरीला राहते, वय ३१. मुलगा लहान म्हणून नोकरी सोडली. इन्स्टाग्रामवर बिडाचे तवे, लोखंडी कढया, त्या कशा घासायच्या, तेल कसं मुरवायचं, याचे रील टाकते. सहा हजारांवर फॉलोअर झालेत. रोज कुणीतरी विचारतं, 'ताई, तवा कुठून घेतला? लिंक द्या ना.' मैत्रीण म्हणाली, ॲफिलिएट मार्केटिंग कर, म्हणजे लिंक द्यायची आणि विक्रीमागे कमिशन घ्यायचं. म्हणून बाणेरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनारला गेले. ते म्हणतात, ११,८०० रुपये भरून त्यांच्या नेटवर्कचं मेंबर व्हायचं, दोन जणी जोडल्या की पैसे वसूल, महिना ५० हजार आरामात. मी ५०० रुपये भरून सीट बुक केली आहे. पावतीचा आणि पत्रकाचा फोटो सोबत पाठवते. टेलिग्रामवर दुसऱ्याच एका बाईंनी हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम दिलं, त्याचे १५० रुपये खरोखर जमा झाले. आता त्या दोन हजार भरा म्हणतात. नवरा म्हणतो, सगळंच फ्रॉड आहे. माहेरी वडील जुन्नरकडे कांदा-टोमॅटो करतात, त्यांना यातलं काही कळत नाही, विचारणार कोणाला? विश्वासाचं नेटवर्क कसं ओळखायचं? खातं नवऱ्याच्या नावाने काढलं तर चालेल का? आणि माझा तवा तुळशीबागेतला आहे, तर लिंक कुठल्या तव्याची देऊ?"

उत्तर:

ताई, वडिलांना यातलं काही कळत नाही, हे वाक्य आधी मागे घ्या. तुमच्या माहितीतल्या माणसांत या विषयातलं सगळ्यात जास्त कळणारे तेच असावेत. त्यांच्याकडे येतोच, पण आधी तुमची पावती.

फोटो मोठा करून बघितला. १०,००० रुपये मेंबरशिप, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००, एकूण ११,८००. हिशोब चोख. खाली जीएसटी क्रमांकही छापलाय. चष्मा पुसून दोनदा मोजला, १४ अक्षरं भरली. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं त्या धंद्याचा पॅन आणि शेवटची तीन नोंदणीची. छापणाऱ्याच्या हातून एक अक्षर सुटलं असेल, असं म्हणायला मी एका पायावर तयार झालो असतो. पण पत्रकावर 'बारा वर्षांचा अनुभव' लिहिलंय आणि त्यावरच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, मी तपासलं, तर ते गेल्या दिवाळीनंतर घेतलेलं निघालं. या दोन्ही गोष्टी तपासायला मला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही क्रमांक टाकून धंद्याचं नोंदलेलं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. डोमेन कधी घेतलं ते 'हूइज' नावाच्या फुकट सोयीवर कळतं. पुढच्या वेळी तुम्हीच बघाल.

खरं तर तेही बघायची गरज नव्हती. त्यांनी तुमच्याकडे पैसे मागितले, तिथेच विषय संपला होता.

आता वडील. तुमच्याकडचा माल नारायणगावला, ओतूरला किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येत असणार. वडील गाडी भरतात, अडत्याच्या गाळ्यावर माल उतरतो, अडत्या तो व्यापाऱ्याला विकून देतो आणि वडिलांच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, पडते. किती डाग (पोती, क्रेट), वजन किती, भाव काय लागला, हमाली, तोलाई, वाराई असे खर्च किती कापले, हातात किती आले. अडत्याचं पोट भरतं अडतीवर, म्हणजे विक्रीमागच्या कमिशनवर. भाजीपाला-फळांची ही अडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे, २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला. वडिलांना विचारा, गाळ्यावर माल लावायला कुठल्या अडत्याने कधी 'मेंबरशिप' मागितली का? उलट चांगला माल आणणाऱ्याला हातातून जाऊ देऊ नये म्हणून अडत्याच उचल द्यायला बसलेला असतो.

ॲफिलिएट नेटवर्क म्हणजे हाच गाळा. एका बाजूला तवे विकणाऱ्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला तुमच्यासारखी गिऱ्हाईक आणून देणारी माणसं. तुमच्या लिंकवरून कुणी तवा घेतला की कंपनी नेटवर्कला पैसे देते, नेटवर्क आपला हिस्सा ठेवून उरलेले तुम्हाला देतं. पैसा कंपनीकडून तुमच्याकडे वाहतो. तुमच्याकडून तो उलटा वर चढायला लागला, मग त्याला फी म्हणा, किट म्हणा, ट्रेनिंग म्हणा की परत मिळणारं डिपॉझिट, तर तो गाळा नाही. आणि 'दोन जणी जोडा' म्हणजे तिथे तव्याचा संबंधच उरला नाही, माल तुम्हीच झालात. माणसं जोडण्याच्या पैशांवर चालणाऱ्या अशा साखळ्यांवर आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना आणि प्रवेश फीला मज्जाव केला आहे. खरी नेटवर्कंही 'मैत्रिणीला आणा, बोनस मिळवा' करतात, नाही असं नाही. पण तो बोनस ती आपल्या खिशातून देतात, मैत्रिणीच्या ११,८०० मधून नाही.

टेलिग्रामवाल्या बाईंचं तर आजच बंद करा. ते १५० रुपये म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पुढे दोन हजार भरा, मग 'व्हीआयपी टास्क'चे दहा हजार, मग पैसे अडकलेत ते सोडवायला अजून वीस हजार. पुण्यात चांगले शिकलेले, आयटीत काम करणारे लोक यात लाखोंनी बुडालेत, त्यामुळे तुम्ही भोळ्या ठरलात असं वाटून घेऊ नका. पैसे भरले नसतील तर फक्त ब्लॉक करा. भरले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.

आता मूळ प्रश्न. फी मागत नाही, साखळी नाही, वेबसाइट देखणी आहे, मोठमोठ्या ब्रँडचे लोगो लावलेत. तरी विश्वास कसा ठेवायचा? लोगो कुणीही लावतं. मी काय करतो सांगतो: उलटीकडून जातो. समजा नेटवर्क म्हणतंय, अमुक तव्याचा ब्रँड आमच्याकडे आहे. मग त्या ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर अगदी तळाशी जायचं, जिथे 'परतावा धोरण' वगैरे बारीक अक्षरात असतं. बऱ्याच कंपन्या तिथेच 'ॲफिलिएट' किंवा 'पार्टनर' अशी ओळ ठेवतात. ती दाबल्यावर आपण ज्या नेटवर्कच्या फॉर्मवर पोचतो, ते त्या ब्रँडने स्वतः नेमलेलं. ओळ नसेल तर कंपनीला दोन ओळींचा मेल टाकायचा: तुमचे ॲफिलिएट कोणामार्फत चालतात? अडत्या खरा की खोटा, हे व्यापाऱ्याला विचारायला काय लाजायचं?

मग पट्टी. नेटवर्कच्या डॅशबोर्डवर, म्हणजे तुमच्या खात्याच्या पानावर, तुमची प्रत्येक विक्री एकेका टप्प्यातून जाते: आधी 'पेंडिंग', मग 'कन्फर्म' किंवा 'कॅन्सल', शेवटी पैसे. पेंडिंगचा काळ दोन-तीन महिने लांबू शकतो आणि त्यात काही काळंबेरं नाही. तवा घरी गेला, जड आहे म्हणून सासूबाईंनी परत पाठवला, तर कंपनी कमिशन कशाचं देणार? परताव्याची मुदत संपेपर्यंत ती थांबणारच. बघायचं ते एवढंच, की कॅन्सल झालेल्या विक्रीपुढे कारण लिहिलंय का, ऑर्डरची तारीख आणि रक्कम दिसते का. 'या महिन्याची कमाई ६१२ रुपये' एवढा एकच आकडा दाखवणारं नेटवर्क म्हणजे वजन-भाव न लिहिता कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम देणारा अडत्या. वडील घेतील का अशी पट्टी?

माझं स्वतःचं एकदा फसलंय. ट्रेकिंगच्या सामानाबद्दल मी लिहायचो, बूट, हेडलॅम्प, पावसाळी जॅकेट वगैरे. एका नेटवर्कवर ४,३०० रुपये कन्फर्म झालेले होते. सुरुवातीला २,००० जमले की पैसे मिळत. मी म्हटलं राहू दे, एकदम काढू, सिंहगडावर पिठलं-भाकरीची पार्टी देऊ. मग एक मेल आला, किमान रक्कम आता ५,०००. दुसऱ्या महिन्यात कन्फर्म झालेल्यातल्या तीन विक्री मागे गेल्या, कारण नाही. सपोर्टला मेल केले, पहिल्याला यंत्राने उत्तर दिलं, पुढच्यांना यंत्रानेही नाही. आता ती वेबसाइट उघडतच नाही. त्या पार्टीचं बिल मित्रांनी अजून माझ्या नावावर लावून ठेवलंय. तेव्हापासून किमान रक्कम भरली की मी त्याच दिवशी पैसे काढतो, मग ते २५० का असेनात. नियम पाळणारं नेटवर्कसुद्धा मध्येच बंद पडू शकतं. कन्फर्म म्हणजे बँकेत नव्हे.

सही करण्याआधी सपोर्टला एक साधा मेल मीच तुमच्याकडून लिहून घेतो: किमान पेमेंट किती, महिन्याच्या कुठल्या तारखेला, टीडीएसचा (आधीच कापलेल्या कराचा) दाखला मिळतो का, इन्स्टाग्राम चालतं का. उत्तर काय येतं यापेक्षा ते माणसाने लिहिलंय का आणि किती दिवसांत आलं, हे बघा. पैसे घ्यायच्या वेळी तुम्ही इतक्या नव्या असणार, की त्याच माणसाशी बोलायची वेळ तुमच्यावर येणारच. अटींच्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव शोधा आणि ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाका. नाव सापडलं म्हणजे कंपनी सचोटीची, असा त्याचा अर्थ नाही. नावच सापडलं नाही, तर मात्र पुढे जायचं कारण नाही.

नावं सांगा म्हणाल, तर पहिलं पाऊल म्हणून ॲमेझॉनचा स्वतःचा कार्यक्रम, ॲमेझॉन असोसिएट्स. १९९६ पासून चालू आहे, मध्ये कुठलं नेटवर्क नाही, फी नाही, आणि तुमचे रील बघणाऱ्या बायका तिथे तशाही खरेदी करतातच. लिंकवर टिचकी मारल्यापासून २४ तास तुमचे. तवा बघायला गेलेल्या बाईने त्या वेळात शाळेची बाटली घेतली, तरी त्याचं कमिशन सहसा तुमच्याच खात्यात येतं. पण नियम कडक. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी करायची नाही, आणि इथे पुष्कळ जणी घसरतात, कारण पहिली विक्री दिसावी म्हणून नवऱ्यालाच 'घ्या हो एक' म्हणतात. ते करू नका. ईमेलमध्ये किंवा छापील पत्रकात लिंक टाकता येत नाही. खातं उघडताना तुमचं इन्स्टाग्राम पान नोंदवायचं राहू देऊ नका.

त्यानंतर अर्नकरो. कॅशकरो चालवणाऱ्यांचंच हे ॲप आहे, स्वतःची वेबसाइट नसलेल्या लोकांसाठी केलेलं, त्यामुळे तुम्हाला हाताळायला सोपं. क्यूलिंक्स, ॲडमिटॅड, व्हीकमिशन ही नावं ऐकाल. जुनी आहेत, काम करतात, पण त्यांच्या डॅशबोर्डवर पहिल्या दिवशी डोकं गरगरेल. सहा महिन्यांनी बघा. सीजे, अविन, इम्पॅक्ट ही परदेशी मोठी मंडळी. तुमचे गिऱ्हाईक सिंहगड रोड ते सांगली या पट्ट्यातले असताना तिकडे जाण्यात अर्थ नाही. आणि मी नावं घेतली म्हणून डोळे झाकून जाऊ नका. वरची सगळी तपासणी यांनाही लावा. नियम बदलतात, मालक बदलतात.

आता ५० हजारांचं. १,४०० रुपयांचा तवा, कमिशन समजा ६ टक्के धरलं, तर एका तव्यामागे ८४ रुपये. महिन्याला पंधरा तवे गेले तर १,२६०. ते ५० हजार हवे असतील तर दर महिन्याला सहाशेच्या आसपास तवे विकावे लागतील, आणि बिडाचा तवा ही वस्तू अशी, की एकदा घेतला की पुढच्या पिढीला जातो. तुमचं गिऱ्हाईक परत येणारच नाही! मी नाउमेद करत नाही. तव्यासोबत लाकडी उलथनं, कढई, घासायची लोखंडी जाळी, मुरवायचं तेल असं पसरत जा. वर्षभरात मुलाच्या शाळेची बस फी निघाली तर मी तुम्हाला यशस्वी म्हणेन. सेमिनारवाले नाही म्हणणार.

लिंक टाकलेल्या प्रत्येक रीलवर ही जाहिरात आहे आणि यातून मला कमिशन मिळतं, हे सांगायचं. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये तसे नियम केले, ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्यावर तो बसेल म्हणून घाबरवत नाही, पण वीस हॅशटॅगांच्या शेपटाला इंग्रजीत एक शब्द चिकटवून भागत नाही. रील मराठीत, तर सांगायचंही मराठीत, बघणाऱ्याला दिसेल असं.

नवऱ्याच्या नावाने खातं काढू नका. नेटवर्क पॅन मागेल आणि पॅनवरचं, खात्यावरचं, बँकेतलं नाव जुळलं नाही तर पेमेंट तिथेच अडकेल. शिवाय कमाई तुमची आणि कर त्यांच्या उत्पन्नात, हा घोळ कशाला? पॅन नसेल तर आधी काढा. पॅन दिला नाही तर टीडीएस २० टक्क्यांपर्यंत कापला जातो. दिला तर कमिशनवर साधारण २ टक्के, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ वर आला. तुमचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर विवरणपत्र भरून तेही परत मिळतात. आणि ओटीपी, यूपीआय पिन कुठलंच नेटवर्क मागत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

नवऱ्याला सांगा, 'सगळंच फ्रॉड' नाही, पण बाणेरच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. एवढं मान्य केलंत की घरातलं अर्धं भांडण मिटेल. ५०० रुपये लेखी परत मागा, पावतीचा फोटो जोडून. देतील असं मला वाटत नाही. नाही दिले तर ते ५०० गेले समजा, पण उरलेल्या ११,३०० साठी येणारे फोन उचलू नका. 'सीट धरून ठेवलीय मॅडम' म्हणून आठवडाभर येत राहतील.

राहिला तुळशीबागेतला तवा. ऑनलाइन दुसऱ्याच ब्रँडच्या तव्याची लिंक देऊन 'मी हाच वापरते' म्हणायचं नाही, एवढंच पथ्य. रीलमध्ये सरळ सांगा: माझा तुळशीबागेतला, इतक्या किलोचा, इतक्या रुपयांचा. पुण्यात असाल तर तिथेच जा, हातात धरून वजन बघा, तळ सपाट आहे का बघा. बाहेरगावी असाल तर खाली लिंक आहे, तो मी मागवून महिनाभर धिरडी काढून बघितलाय. म्हणजे तो आधी मागवावा लागेल, आणि स्वतःच्या लिंकवरून नाही, हं. वजनकाट्यावर ठेवून एक रील त्याचाच करा, दोन्ही तवे शेजारी. मीही बघेन, आमच्याकडचा नॉनस्टिक आता खरवडायला लागलाय.